ओझं टेकवायची जागा

मोजणीदार पावलं मोजत असले की त्यांच्याशी बोलायचं नाही, हा नियम आमच्या कचेरीत शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होता. मला तो समजायला एक फजिती व्हावी लागली. मला पहिली मुलगी झाली त्या दिवशी मी पेढ्यांचा पुडा घेऊन कचेरीकडे निघालो होतो. समोरून मोजणीदार येताना दिसले. मी आनंदाने हाक मारली आणि पुडा पुढे केला. त्यांनी उजवा तळहात माझ्या नाकासमोर धरला आणि ओठ हलवत तसेच अंबरनाथ स्टेशनच्या दिशेने निघून गेले. मी रस्त्यात पुडा धरून उभाच. पाच-सात मिनिटांनी ते परत आले, खिशातून वही काढून काहीतरी टिपलं आणि म्हणाले, "हं, आता बोला कारकून. काय झालं?"

"मुलगी झाली."

"उत्तम. बाळंतिणीला दवाखान्यात नेलं कसं? टांग्याने की बैलगाडीने? वाटेत किती वेळा थांबावं लागलं?"

मी पेढा दिला. तो त्यांनी तोंडात टाकला, पण माझं उत्तर वहीत उतरेपर्यंत चावला नाही.

त्यांनी मोजणी खात्यात तीस वर्षं काढली होती. नगर-पुण्याकडच्या शेतांमधून साखळी ओढत फिरायचं आणि कुणाचा बांध कुठे सरकला ते सांगायचं, हे त्यांचं काम. या कामात शिव्या दोन्ही बाजूंनी खायच्या असतात, असं ते मोठ्या समाधानाने सांगत. निवृत्त झाल्यावर भाच्याला इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून ते बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, घेऊन अंबरनाथला आले. पुढे भाच्याची बदली झाली आणि हे दोघं इथेच राहिले. मोरिवलीच्या वाटेवर रस्त्याला लागूनच त्यांची भाड्याची एक खोली आणि पडवी होती. साखळी खात्याला परत करावी लागली होती, पण तिची गरज त्यांना उरलीच नव्हती. तीस वर्षांत त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं झालं होतं. उजव्या खिशात चिंचोके असायचे. शंभर पावलं झाली की एक चिंचोका डाव्या खिशात जायचा. या हिशोबाने त्यांनी अंबरनाथ ते बदलापूर, अंबरनाथ ते उल्हासनगरच्या कॅम्पातला दवाखाना आणि कॅम्पातले सगळे मोठे रस्ते मोजून ठेवले होते. ही मोजमापं कुणी मागितली नव्हती.

मागितल्या होत्या त्या सूचना. फाळणीनंतरची ती वर्षं. लष्करी बराकींमधून सिंधी मंडळी येऊन राहिली होती आणि बघता बघता तिथे बाजार उभा राहिला होता. इकडे अंबरनाथला कारखान्यांचे भोंगे वाजत होते. माणसं चौपट झाली, पण त्यांना इकडून तिकडे न्यायला तेच जुने टांगे, बैलगाड्या आणि स्वतःचे पाय. म्हणून आमच्या साहेबांनी कचेरीच्या दाराशी एक पत्र्याची पेटी ठोकली आणि वर पाटी लावली, 'वाहतुकीच्या सुधारणेसाठी नागरिकांनी सूचना द्याव्यात'. पेटी उघडून सूचना नोंदवहीत उतरवायचं काम माझ्याकडे आलं. मी सगळ्यांत धाकटा कारकून होतो.

पहिल्या आठवड्यात पेटीत काय निघालं ते मी अजून विसरलेलो नाही. दोन विड्या, एक लग्नपत्रिका, टांगेवाल्याच्या घोड्याबद्दल एक निनावी तक्रार आणि बाकी सगळ्या सूचना एकाच सुराच्या. मोटार सुरू करावी आणि ती आमच्या दारात थांबवावी. वकिलाने लिहिलं, वकिलाच्या दारात थांबवावी. किराणावाल्याने लिहिलं, दुकानापुढे. एका गृहस्थाने तर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून दिसेल अशी थांबवावी म्हणून नकाशा काढून दिला होता. साहेब या चिठ्ठ्या एका खणात टाकत आणि त्या खणाला 'दारांचा खण' म्हणत.

आणि मग मोजणीदारांचा कागद. जुन्या नकाशाच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर टाकाने लिहिलेला. तीन मथळे: अडचण, मोजमाप, उपाय. खाली सही आणि पत्ता, आणि त्याच्याही खाली एक ओळ, 'या सूचनेत सूचकाचा स्वतःचा कोणताही लाभ नाही.' साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "या माणसाला चहा द्या."

दर सोमवारी ते यायचे. टांग्यांनी स्टेशनाबाहेर एका ओळीत उभं राहावं. फाटक बंद असताना डोक्यावरचं ओझं उतरवायला तिथे कमरेइतका कट्टा बांधावा. रस्त्यांच्या पाट्या सिंधी अक्षरांतही लिहाव्यात, कारण कॅम्पातल्या म्हाताऱ्या माणसांना देवनागरी वाचता येत नाही आणि ती दोन-दोन मैल उलट चालत जातात. या शेवटच्या सूचनेसाठी त्यांनी कॅम्पातल्या एका शिंप्याकडून सिंधी अक्षरं गिरवून आणली होती. कट्टा झाला. पाट्याही लागल्या. टांगे मात्र एका ओळीत कधीच उभे राहिले नाहीत.

मी एकदा त्यांना म्हटलं, "मोजणीदार, एखादी सूचना स्वतःसाठीही करा की. काकूंचे पाय सुजलेले असतात."

"स्वतःसाठी केली ती सूचना नव्हे कारकून, तो अर्ज. अर्जाची पेटी वेगळी असते."

"कुठे आहे?"

"असेल कुठेतरी. मला लागलेली नाही."

काकूंच्या पायांचं दुखणं खरंच वाईट होतं. पावलांपासून गुडघ्यांपर्यंत सूज. कॅम्पातल्या दवाखान्यात दर मंगळवारी सुई घ्यायला जावं लागे. खडीच्या त्या रस्त्यावर टांगेवाले यायला नाखूष असत, म्हणून बिचारी चालत जायची. मोजणीदार बगलेत एक लाकडी पाट घेऊन बरोबर. काकूंना उभं राहवेनासं झालं की ते रस्त्याच्या कडेला पाट मांडायचे, काकू बसायच्या, आणि हे शेजारी उभे राहून छत्री धरायचे. जाऊन येईपर्यंत दिवस मावळायला यायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, असं चालणं चालू राहिलं तर सुईचा उपयोग नाही, एक दिवस या पायांवर उभंच राहता येणार नाही.

तेव्हा कॅम्पातला एक ठेकेदार मोटार चालवायला तयार झाला, ही बातमी आली त्या दिवशी मला सगळ्यांत आधी काकू आठवल्या. अंबरनाथ स्टेशन ते कॅम्पातला दवाखाना. तीन महिने प्रायोगिक. रस्ता अरुंद, वेळ नेमलेला, म्हणून वाटेत एकच थांबा द्यायचा असं ठरलं. तो योग्य जागी पडला आणि तिथे माणसं चढली तर मोटार कायम. नाही चढली तर ठेकेदार तीन महिन्यांनी गाडी उचलणार, असं त्याने तोंडावर सांगितलं होतं. साहेबांनी दारांचा खण उघडलासुद्धा नाही. त्यांनी मोजणीदारांना बोलावलं आणि म्हणाले, "जागा तुम्ही सांगायची. तुमच्याइतका निःस्वार्थी माणूस माझ्याकडे दुसरा नाही."

मोजणीदारांची थांबा शोधायची रीत जगावेगळी होती. ते कुणाला काही विचारत नसत. "माणसाला विचारलं की माणूस भिडेखातर खोटं बोलतो," ते म्हणत. "ओझं खोटं बोलत नाही. माणूस ओझं जिथे टेकवतो, तिथेच त्याला गाडी हवी असते." ते छत्री घेऊन रस्त्याच्या कडेला बसले आणि मोरिवलीकडून कॅम्पाच्या बाजाराला जाणाऱ्या बायकांच्या डोक्यावरच्या पाट्या, मोळ्या आणि दुधाच्या कळश्या कुठे उतरतात ते वहीत टिपत गेले. असे ते पंधरा दिवस बसले. सोळाव्या दिवशी वही माझ्यापुढे उघडली. निष्कर्ष अगदी चोख होता. पुलाच्या अलीकडे उंबराखाली एक शेंदूर फासलेला धोंडा होता. तिथे येणारी एक न् एक बाई डोक्यावरचं ओझं उतरवत होती. एकही अपवाद नाही.

वही चाळताना मला मधेच एक कोरं पान दिसलं. "इथलं काय झालं?"

"ते माझं दार. आपल्या दारातलं मोजायचं नसतं, नजर फिरते."

मला ते थोर वाटलं. मी सूचनेवर माझ्या उत्तमातल्या उत्तम अक्षरात शिफारस लिहिली. आज सांगायला लाज वाटते, पण त्या कोऱ्या पानाबद्दल मला पुढे काहीच विचारावंसं वाटलं नाही.

उंबराखाली खांब रोवला गेला. पाटी लागली, मराठीत आणि सिंधीत. पहिल्या दिवशी मोटार झेंडूच्या माळा घालून आली. साहेब आले, मी आलो, मोजणीदार तर धुतलेलं धोतर नेसून पहाटेपासून खांबाशी उभे. मोरिवलीच्या बायका रांगेने आल्या. धोंड्यापाशी त्यांनी पाट्या उतरवल्या. मोजणीदारांनी माझ्याकडे बघून मान हलवली. बायकांनी धोंड्याला हात जोडले, एकमेकींना हात देऊन पाट्या पुन्हा डोक्यावर चढवल्या आणि मोटारीला वळसा घालून कॅम्पाच्या रस्त्याने चालू लागल्या. चालकाने भोंगा वाजवला. एकीनेही मागे वळून बघितलं नाही.

"पहिला दिवस आहे," साहेब म्हणाले.

दुसरा दिवसही तसाच गेला, आणि आठवडाही. पुढे महिना झाला. मोटार स्टेशनवरून दहा-बारा माणसं घेऊन निघायची, उंबराखाली उभी राहायची, आणि तिथे हटकून एकच प्रवासी चढायचा, तो म्हणजे मोजणीदार. मंगळवारी दोन, कारण काकू असत. मोटार त्यांच्या दारावरूनच जायची, पण तिथे थांबा नव्हता, म्हणून काकूंना उंबरापर्यंत चालवत न्यायचं आणि मग चढवायचं. चालक कॅम्पातला सिंधी होता, फाळणीआधी तिकडे सिंधमध्ये मालट्रक चालवायचा. त्याला हे बघवायचं नाही. "साईं," तो म्हणे, "अम्माला घरासमोर घेतो ना! एक ब्रेक मारायला माझ्या बापाचं काय जातं?"

"थांबा नाही तिथे गाडी थांबवायची नाही," मोजणीदार म्हणत. "आज माझ्यासाठी थांबवाल, उद्या वकिलासाठी."

दुसराही महिना सरला. ठेकेदाराचा माणूस कचेरीत येऊन साहेबांना सांगून गेला की महिनाअखेर गाडी बंद. मोजणीदार पुन्हा छत्री घेऊन उंबराखाली बसायला लागले. त्यांनी मोजमाप पहिल्यापासून तपासलं. ओझी पूर्वीसारखीच उतरत होती आणि पूर्वीसारखीच पुन्हा डोक्यावर चढत होती. माणूस वाळला. त्यांच्या वहीत काही चूक सापडत नव्हती आणि चूक तर रोज डोळ्यांपुढून चालत जात होती.

एका सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा काकू पडवीत पाय लांब करून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, इतकं बघताय त्यापेक्षा विचारा ना त्यांना एकदा."

"विचारायचं नसतं."

"तीस वर्षं बांध मोजलेत तुम्ही. बांध बोलत नव्हते म्हणून मोजावे लागले. या बोलतात."

मोजणीदार छत्री घेऊन उठले. मीही मागोमाग गेलो. उंबराखाली त्या बायकांमधली सगळ्यांत वयस्क, हिराबाई, काकड्यांची पाटी उतरवत होती. मोजणीदार तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि घसा दोनदा खाकरून म्हणाले, "बाई, तुम्ही दमून ओझं इथे टेकवता, मग इथल्या मोटारीत बसत का नाही?"

हिराबाईने त्यांच्याकडे असं बघितलं की मला जमिनीत शिरावंसं वाटलं. "दमून? आवं, दमून कोन टेकवतंय? ही आमची गावदेवी, ही शीव. हिच्या म्होरून डोक्याव वझा घेवून जावाचं नाय. उतरवाचा, पाया परावाचं, मंग उचलावाचा."

"मग... मोटारीत?"

"आयेला पाठ दावून, पाय उचलून गारीत चरावाचं? तिच्या म्होरं? आमच्यानं नाय व्हनार, आन् तुमी बी चरत जाव नका." मग तिला एकदम हसू आलं. "इतकं दीस छत्री घेवून बसलंव, आमाला वाटलं तुमी नवस केलाय. आमी बोललो, बिचारं म्हातारं नवसाला बसलंय, बोलवाचं नाय त्याला."

सगळ्या बायका हसल्या. मला वाटलं आता मोजणीदार कोसळणार. त्या सबंध रस्त्यात माणसं मोटारीत चढणार नाहीत अशी एकच जागा होती, आणि नेमकी तीच त्यांनी पंधरा दिवस खपून शोधून काढली होती. पण त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, धोंड्याला नमस्कार केला आणि तिथेच खाली बसून वही उघडली. "आता मी विचारतो, तुम्ही सांगा," ते म्हणाले. "मोटारीत बसायचं झालं तर कुठे बसाल?"

हिराबाईला विचार करावा लागला नाही. "तुमच्याच दारात की. आमी सगल्या तिथंच एकमेकींची वाट बगतंव. तुमची बायको पानी देते रांजनातलं. चुंबली तिथंच बांदतंव, पोरींना मागं तिथंच सोरतंव. तिथं गारी थांबली तं कोन चालंल?"

मोजणीदारांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी कोरं सोडलेलं पान तेच होतं.

त्या दिवशी त्यांनी साहेबांना जो कागद दिला तो मी नोंदवला आहे. 'उंबराखालील थांब्याची जागा चुकली. चूक माझी. मोजणाऱ्याने विचारावेही.' इतकंच. उपाय या मथळ्याखाली काही नव्हतं. साहेबांनी विचारलं, "मग योग्य जागा कोणती?" मोजणीदार म्हणाले, "सांगता येत नाही," आणि निघून गेले.

मी त्यांना रस्त्यात गाठलं. मला राग आला होता, आणि तो मी लपवला नाही. "तुमच्या एका ओळीपायी मोटार बंद पडणार? त्या बायका चालणार? काकू चालणार? तुम्ही नका लिहू, मी लिहितो माझ्या नावाने."

"माझं हित तुमच्या नावावर? ते तर आणखी वाईट."

"हिताचं कसलं घेऊन बसलात!"

ते थांबले. "कारकून, साहेबांच्या खणात किती दारं आहेत?"

"शंभर तरी असतील."

"मी माझं दार सांगितलं की एकशे एक. साहेब ते वाचून काय करतील? खणात टाकतील. वरून म्हणतील, हाही त्यातलाच निघाला. माझं दार बरोबर आहे हे मला ठाऊक आहे. पण माझं दार आहे तोवर ते बरोबर ठरणार नाही."

मी म्हटलं, "मग दार बदला," आणि तिथून तरातरा निघून आलो. चिडून बोललो होतो, तोडगा म्हणून नव्हे.

तीन दिवसांनी काकूंचा निरोप आला, बैलगाडीवर सामान चढवायला या. मी धावतच गेलो. मोजणीदारांनी स्टेशनच्या बाजूला, दोन फर्लांग मागे, एका शेतकऱ्याची खोली घेतली होती. अंधारी, पडवी नसलेली, रस्त्यापासून आत. मी काकूंकडे बघितलं. पायांची सूज घोट्यापाशी चकाकत होती आणि त्या भांडी पोत्यात भरत होत्या.

"काकू, तुम्ही हो म्हणालात?"

"म्हणाले. पण आधी ठराव झालाय आमचा." त्या मोजणीदारांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घर त्यांच्या तत्त्वासाठी सोडते. आता मोटार माझ्या पायांसाठी जिथे थांबेल तिथे मी चढणार. थांबा असो नसो. त्यात त्यांनी बोलायचं नाही."

मोजणीदार गाडीत वळकटी रचत होते. त्यांनी मान खाली घातलेलीच ठेवली. ही त्यांची हार मी बघितली असं त्यांना वाटू नये म्हणून मी बैलांना चारा घालायला लागलो. रांजण मात्र काकूंनी गाडीत चढवू दिला नाही. तो पडवीतच ठेवला आणि नव्या भाडेकरणीला बजावून सांगितलं, "रोज सकाळी भरायचा. नाही भरलास तर मी येईन, आणि मला यायला फार त्रास होतो."

दुसऱ्या दिवशी सोमवार नव्हता, तरी मोजणीदार कचेरीत आले. कागदावर तिन्ही मथळे भरलेले होते. खाली नवा पत्ता, आणि पत्त्याखाली ती नेहमीची ओळ. साहेबांनी वाचलं. पत्त्यावर त्यांचं बोट थांबलं. "इथे कधीपासून राहता?"

"कालपासून."

"का?"

"ओळ खरी ठरावी म्हणून."

साहेबांनी सही केली आणि मला म्हणाले, "आजच्या आज खांब हलवा." संध्याकाळच्या आत तो हलला. गावकऱ्यांनीच उपटला, आणि खड्डा बुजवून वर नारळ फोडला.

पुढचं सांगायला फार नाही. पहिल्याच सकाळी पाट्या, मोळ्या आणि कळश्यांनी मोटारीचं छप्पर भरलं. हिराबाई पुढच्या बाकावर चालकाच्या शेजारी जाऊन बसली आणि ती जागा तिने पुढे कधी सोडली नाही. महिनाअखेर ठेकेदाराने गाडी नेली नाही, उलट दुसरी आणली. बाजारात भाजी लवकर पोचायला लागली आणि लेकरांना दवाखान्यात न्यायला आया कचरेनाशा झाल्या. काकू मंगळवारी दुपारच्या आत घरी परतू लागल्या. सहा महिन्यांत पायांची सूज निम्म्यावर आली. गावात कुणालाही विचारलं, मोटार कुणामुळे आली, तर लोक ठेकेदाराचं नाव सांगत. मोजणीदारांना त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटायचं, आणि मी भांडायचो.

ठराव मात्र दोघांनीही पाळला. कागदपत्रं घेऊन मला बरेचदा मंगळवारी कॅम्पात जावं लागे, म्हणून मी हे डोळ्यांनी बघितलंय. स्टेशनवरून मोटार निघाली की थोड्या वेळाने रस्त्याच्या कडेने दोघं चालताना दिसायची. चालक त्यांच्याशेजारी गाडी उभी करायचा. काकू चढायच्या. मोजणीदार चढत नसत. थांबा नव्हता ना! पाट बगलेत मारून ते चालत राहायचे, आणि मोटार पुढे त्यांच्या जुन्या दारापाशी जाऊन बायका आणि ओझी चढेपर्यंत उभी राहायची. तेवढ्यात ते पोचायचे आणि रांगेत शेवटचे चढायचे. चालक पहिल्यांदा हसायचा, मग चिडायचा, मग त्याने नाद सोडला.

असं अडीच-तीन वर्षं चाललं. मग एका मंगळवारी त्यांना पोचायला जरा वेळ लागला. बायका चढून झाल्या, पाट्या बांधून झाल्या, चालकाने दोनदा मागे वळून बघितलं. "अम्मा, निघू?"

"थांब रे बाबा. येताहेत."

मोजणीदार आले. चढताना त्यांनी दांडा दोन्ही हातांनी धरला. काकूंच्या शेजारी बसले तेव्हा धाप लागलेली होती.

"किती झाली?" काकूंनी विचारलं.

"पाचशे नव्वद."

"आपल्या खोलीपासून इथवर पाचशे तीस व्हायची."

त्यांनी डाव्या खिशातले चिंचोके पुन्हा चाचपून बघितले.

"रस्ता वाढला नाही काही," काकू हळूच म्हणाल्या. "तुमचं पाऊल आखूड पडायला लागलंय हो."

मी समोरच्या बाकावर होतो. मोजणीदारांनी वही काढली, बराच वेळ तशीच मांडीवर धरली आणि मग त्यात काहीतरी लिहिलं. दवाखाना येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मीही बाहेर बघत बसलो.

सोमवारी पेटीत त्यांचा कागद निघाला. 'अडचण: मोजणाऱ्याचे पाऊल आखूड झाले आहे. मोजमाप: दोन फर्लांगांत साठ पावलांचा फरक. उपाय: यापुढे त्याची मोजमापे ग्राह्य धरू नयेत.' मी तो वाचला आणि माझे डोळे भरून आले. बांध कुणाचा सरकला ते दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन सांगणारा माणूस, त्याने स्वतःचा सरकलेला बांधही तसाच सांगितला होता. कागद साहेबांकडे न नेता मी खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. काम नसताना मी मोटारीत बसलो. दोघं रस्त्याच्या कडेला दिसली, चालकाने गाडी उभी केली, काकू चढल्या. चढून त्या आत गेल्या नाहीत. दारातच उभ्या राहून त्यांनी हात खाली केला.

"इथे थांबा नाही," मोजणीदार म्हणाले.

"ठाऊक आहे. पण तुम्ही आता कशासाठी चालणार? मोजणं तर काल संपवलंत. चढा."

चालकाने इंजिन बंद केलं. मोजणीदारांनी रस्त्याकडे एकदा पुढे बघितलं, एकदा मागे बघितलं. मग त्यांनी बगलेतला पाट माझ्याकडे दिला, काकूंचा हात धरला आणि ते चढले. काकूंनी बाकावर सरकून त्यांना खिडकीची जागा दिली.

कचेरीत परतल्यावर मी तो कागद नोंदवहीत नीट उतरवून काढला. साहेबांपुढे तो मी कधीच ठेवला नाही. 'कार्यवाही' या रकान्यात मात्र मीच, साहेबांना न विचारता, लिहिलं: झाली.